वाकड्या गर्डरची जोडी

असं समजा, तुम्ही फरीदाबादजवळ यमुनेच्या काठावर उभे आहात. समोर एक पोलादी गर्डर पडलाय, तीन बसगाड्या एकामागे एक लावाव्यात एवढा लांब आणि विळ्यासारखा वाकलेला. दोन्ही काठांवरचे रस्ते समोरासमोर येत नाहीत, म्हणून पूलच वळवून न्यायचाय. आता हा विळा फक्त दोन टोकांच्या टेकूंवर उभा करा बरं. केलात? हात सोडा. कलंडला ना, फुगीर बाजूला? म्हणून वाकडे गर्डर जोडीनं चढवतात. दोन खाली जमिनीवरच शेजारी शेजारी ठेवायचे, मधल्या आडव्या पट्ट्या बोल्टांनी आवळायच्या, की ते एकमेकांना धरून उभे राहतात.

एवढीच गोष्ट उल्हास सकाळपासून सांगत होता. पुलाचा आराखडा त्याचाच. रविवार म्हणून नऊ वर्षांची सुखदाही बाबाबरोबर आली होती. पण मोठी क्रेन आलीच नाही. आलेल्या छोटीला एकच गर्डर पेलणार, आणि साइटचे प्रमुख नीरजजी एकेकच चढवायचं म्हणत होते.

"सर, चालीस पूल चढाये हैं. एक भी नहीं गिरा."

"वो सीधे थे, नीरजजी! सीधे!"

"लोहा तो लोहा है. आप दफ्तरवाले डरते बहुत हो."

उल्हासनं कपाळावर हात मारून घेतला. चौथ्यांदा चित्र काढून दाखवलं. नीरजजींनी चौथ्यांदा मान डोलावली आणि चहा मागवला.

तणतणत तो कंटेनरमधल्या ऑफिसात शिरला आणि गुरुग्रामच्या मुख्य ऑफिसात जयंत साहेबांना फोन लावला. काम थांबवायचं तर वरून मेल हवा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. फोनवर नुसतं संगीत वाजत राहिलं.

"बाबा, क्रेन चालू झाली."

"थांब गं, होल्डवर आहे मी."

"बाबा यार, उचलतायत ते! तिकडे टेकूवर चार काका चढलेत."

"मग मी काय करू, सुखदा? जयंत साहेबांचा मेल आल्याशिवाय माझं कोण ऐकतंय इथे!"

"दारावर काय लिहिलंय, वाचलंस?"

दारावर दोन्ही हात आडवे पसरलेल्या माणसाचं चित्र होतं. खाली हिंदीत लिहिलं होतं, धोका दिसला तर कुणीही ही खूण करावी, क्रेन थांबलीच पाहिजे. नीरजजी रोज सकाळी मजुरांकडून हेच घोकून घेत.

"अगं, ते कामगारांसाठी असतं," उल्हास वैतागून म्हणाला आणि पुन्हा फोनकडे वळला. "हॅलो? हॅलो, साहेब?"

बाहेर गर्डर जमिनीपासून हातभर सुटला होता.

सुखदानं डोळ्यांवर घसरलेलं हेल्मेट मागे सारलं. कंटेनरच्या वरच्या पायरीवर, क्रेनवाल्याला नीट दिसेल अशी ती उभी राहिली, आणि तिनं दोन्ही हात आडवे पसरले.