झुरळावरचे रुपेरी केस

मी एक जुना हेअर ड्रायर आहे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. मुठीच्या जागी माझा लाल रंग घासून पांढुरका झाला आहे, तोंडावरची चपटी टोपी केव्हाच हरवली आहे आणि सुरू होताना मी थोडा खोकतो. पण मित्रांनो, हजारो डोकी वाळवून शिवाय एक अख्खी मोटारगाडी सजवलेला दुसरा ड्रायर तुमच्या पाहण्यात असेल, तर मला जरूर कळवा. मी वाट पाहीन.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. एकीने माझ्या पोटात पंखा बसवला, दुसरीने तारेचे वेटोळे घातले, तिसरीने माझी दोन अर्धी अंगे जोडून स्क्रू पिळले. शेवटी तपासनीसाने मला आपल्या तळहातावर फुंकायला लावले आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

दुकानात आम्ही नऊ भाऊ ओळीने बसलो होतो. मालकीणबाई आल्या आणि त्यांनी नऊच्या नऊ ड्रायर सुरू करून कानाशी धरले. दुकानदार कंटाळून गेला. "बाई, सगळे सारखेच आहेत हो!" तो म्हणाला. "सारखे कसे? हे सगळे ओरडतात. हा बोलतो," असे म्हणून त्यांनी मला उचलले. त्या घटकेपासून मी त्यांचा झालो.

त्यांचे पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि तीन आरसे. तिथे मी सतरा वर्षे काम केले. मालकीणबाई मला डोक्यापासून वीतभर लांब धरत आणि मनगट सतत हलते ठेवत. "एका जागी थांबला की भाजतो," असे त्या शिकायला आलेल्या मुलींना बजावत. लहान मुले मला घाबरत, तेव्हा त्या आधी त्यांच्या तळव्यावर माझी गरम हवा सोडत, आणि मूल हसले की मगच डोक्याकडे वळत. इस्पितळातली एक परिचारिका रात्रपाळी संपवून यायची आणि माझ्या हवेत बसल्या बसल्या घोरायची. तिला उठवायचे कुणाच्या जिवावर येई. असे सुख मी लोकांना दिले आहे. उगाच फुशारकी मारत नाही.

मग एक दिवस ती इमारतच पाडायची ठरली. आरसे गेले, खुर्च्या गेल्या आणि मी टॉवेलात गुंडाळून पलंगाखालच्या खोक्यात गेलो. मधूनमधून मला बाहेर काढत, पण कशासाठी? ओले बूट वाळवायला! एकदा तर मिठाच्या बरणीतला ओलावा घालवायला मला जुंपले. मी कुणाला काही बोललो नाही, पण मनात फार लागले. मालकीणबाईंचेही काही बरे चालले नव्हते. त्या खिडकीशी बसून स्वतःच्याच केसांच्या टोकांकडे पाहत राहत.

त्यांची लेक एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती सोडत नसे, म्हणून घरात सगळे तिला चिकटी म्हणत. पार्लर नाही तर नाही, आईने गाडी घेऊन घरोघरी जावे, असे तिने डोक्यात घेतले. आईला गाडी चालवता येत होती, फक्त गाडीच नव्हती. मग मालकीणबाईंच्या भावाने, म्हणजे चिकटीच्या मामाने, एक जुनी निळी गाडी स्वस्तात मिळवून दिली.

मामा दारात उभा राहून म्हणाला, "इंजिन ऐक, ताई, इंजिन! रंग काय चाटायचाय?"

इंजिन उत्तमच होते, नाही म्हणत नाही. पण ही गाडी आधी घरांत कीटकनाशक फवारणाऱ्या माणसाची होती, आणि त्याने तिच्या दारावर हातभर लांब झुरळाचा स्टिकर लावलेला होता. विकताना त्याने तो सोलून काढला. पण वर्षानुवर्षे उन्हात उभे राहून गाडीचा रंग विटला होता आणि स्टिकरखालचा रंग जसाच्या तसा राहिला होता. त्यामुळे स्टिकर गेला तरी झुरळ काही गेले नाही. फिकट निळ्या दारावर गडद निळे झुरळ, सहा पाय आणि दोन लांब मिशांसकट. वर जुन्या गोंदाचा चिकटा, त्यावर धूळ.

पहिले मोठे काम आले ते एका वृद्धाश्रमाचे. तिथल्या व्यवस्थापिकेने बुधवारी येऊन काम दाखवायला सांगितले होते. ते पसंत पडले तर दर पंधरा दिवसांनी सगळ्या आजी-आजोबांचे केस कापायचे काम मिळणार होते. मालकीणबाईंनी पांढरा कोट इस्त्री केला, माझी मागची जाळी ब्रशने झाडली आणि मला पिशवीत घातले. किती दिवसांनी! मी पिशवीत अगदी ताठ बसलो होतो.

गेटवर पहारेकऱ्याने गाडीच्या दाराकडे पाहिले आणि म्हणाला, "औषध फवारायला ना? मागच्या गेटने घ्या गाडी. आणि आत जेवणं चाललीत, लगेच फवारू नका बरं का."

मालकीणबाईंनी गाडी मागे घेतली, वळवली आणि थेट घरी आणली.

"एका झुरळासाठी परत आलीस?" संध्याकाळी चिकटीने विचारले.

"झुरळासाठी नाही गं. मी कोण आहे, कशाला आलेय, एवढंसुद्धा मला तोंड उघडून सांगता आलं नाही." त्यांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. "आता नको. मी कुणाच्या गेटवर जायची नाही. झालं तेवढं पुरे."

मला परत टॉवेलात गुंडाळले. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. माझे काय, मी खोक्यात पडून राहिलो असतो. पण असे हात रिकामे बसणार, हे काही बरोबर नव्हते.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापिकेचा फोन आला. काल का आला नाहीत, रविवारी दहाला जमेल का, नाहीतर दुसरे कुणी पाहावे लागेल. फोन चिकटीने घेतला होता. आईला न विचारताच तिने "हो" सांगून टाकले.

आता गाडीचे काय? गॅरेजवाल्याने रंगाचा आकडा सांगितला, तो ऐकून चिकटी आल्या पावली परत फिरली. मग ती पाट्या बनवणाऱ्याच्या दुकानात गेली. तिथे स्टिकरसाठी व्हिनाइलचे मोठे गुंडाळे असतात. त्यांचे उरलेले तुकडे कोपऱ्यात पडून असतात आणि अगदी स्वस्तात मिळतात. तिने एक मोठा काळा तुकडा घेतला आणि गाडीच्या कडेला लांब रेघा मारायला म्हणून चार बोटे रुंदीची एक रुपेरी पट्टी घेतली. घरी येऊन तिने दारावर वर्तमानपत्र लावून झुरळ जसेच्या तसे गिरवले आणि त्यावरच चित्र काढले. झुरळाच्या पोटावर एका बाईचा अंबाडा आला. पाय आणि मिशा म्हणजे सुटलेल्या बटा, आणि त्या वाऱ्यावर उडत थेट मागच्या दारापर्यंत गेलेल्या. कल्पना नामी होती. मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी ती दारावरचा जुना गोंद सुरीने खरवडत होती. मालकीणबाईंनी खिडकीतून दोन मिनिटे पाहिले आणि त्यांना राहवेना.

"अगं, खरवडतेस काय! ओरखडे पडतील. तेल लाव!"

त्या केसांच्या तेलाची बाटली घेऊन आल्या, बोटांनी दारावर गोल गोल चोळले आणि दहा मिनिटांत सगळा गोंद निघाला. दार कसे तुकतुकीत दिसू लागले. "घे," म्हणून त्या आत निघून गेल्या. पुढच्या कामाशी आपला संबंध नाही, असे त्यांनी चेहऱ्यानेच सांगितले.

शनिवारी सकाळी चिकटीने काळे चित्र कापून दारावर लावले. फार देखणे दिसत होते. दुपारी ती गाडीत पेट्रोल भरायला गेली आणि परत येता येता वाऱ्याने आधी एक बट सुटली, मग दुसरी. घरासमोर गाडी थांबली तेव्हा अंबाडा लोंबत होता आणि बटांचा एकमेकींना चिकटून बोळा झाला होता. तो उलगडायला जावे तर आणखी ताणला जाई. चिकटी पायरीवर बसून रडू लागली. ती सहसा रडत नाही.

मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी दारावरून बोट फिरवले, बोट नाकाशी नेले आणि कपाळावर हात मारला.

"माझंच तेल! अगं, तेलकट डोक्यावर कधी रंग चढतो का? सतरा वर्षं हेच शिकवत आले मी, आणि स्वतःच विसरले." मग बाह्या वर सरकवत म्हणाल्या, "ऊठ. आधी हिचं डोकं धुवायला हवं."

त्यांनी गाडीच्या दाराला शांपू लावला. एकदा नाही, तीनदा. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, आणि खोक्यातून मला काढून लांब वायर जोडून अंगणात आणले. गाडीचे दार वाळवायचे म्हटल्यावर माझा अभिमान जरा दुखावला, खोटे कशाला बोलू? पण मालकीणबाईंनी मला वीतभर लांब धरले, मनगट हलते ठेवले, आणि माझा सगळा राग निवळला. शेवटी त्यांनी दारावर बोट घासले. कुईं असा आवाज आला. धुतलेल्या केसांचाही असाच आवाज येतो.

पण आता लावायचे काय? काळा तुकडा वाया गेला होता. उरली होती ती रुपेरी पट्टी.

"रुपेरी केसांची म्हातारी बाई लावायची गाडीवर?" चिकटीने नाक मुरडले.

"का? म्हाताऱ्या बायकांना केस नसतात?" मालकीणबाई म्हणाल्या आणि आत जाऊन आपली केस कापायची कात्री घेऊन आल्या. मित्रांनो, ही कात्री त्या कुणाला कागदालाही लावू देत नसत. एकदा एका मुलीने त्या कात्रीने पाकीट उघडले, तर तिच्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आज त्याच कात्रीने त्यांनी व्हिनाइलला हात घातला. रेघ आखली नाही की माप घेतले नाही. एकामागून एक बटा कापल्या, मुळाशी रुंद आणि टोकाशी निमुळत्या, खऱ्या केसांसारख्या. चिकटी तोंड उघडे ठेवून बघत राहिली.

पार्लरच्या फवाऱ्यात पाणी आणि दोन थेंब शांपू घालून त्यांनी दार ओले केले, म्हणजे बट हवी तशी सरकवता येते. मग कंगव्याच्या दांड्याला मऊ फडके गुंडाळून मधून कडेकडे पाणी निपटून काढले. फुगे राहिले तिथे टाचणीचे टोक लावून हवा सोडली. दोन दारांमधल्या फटीवर बट नेमकी कापून कडा आत दुमडल्या.

दाराच्या मुठीभोवतीच्या खोलगट जागी मात्र व्हिनाइल बसेना. तिथे माझी गरज लागली. मी हवा सोडली, तसे ते नरम पडले आणि मालकीणबाईंच्या अंगठ्याखाली खळग्यात अलगद उतरले. जवळ धरले असते तर आकसून गेले असते, लांब धरले असते तर नरमच झाले नसते. ते अंतर त्या मनगटाला पाठ होते. सात बटा झाल्या आणि मी तापून बंद पडलो. चिकटी घाबरली. "गेला की काय गं?"

"दमलाय. श्वास घेऊ दे त्याला," मालकीणबाई म्हणाल्या आणि माझ्या जाळीतली धूळ फुंकली. पाव तासाने मी खोकलो आणि पुन्हा सुरू झालो. दिवेलागणीपर्यंत शेवटची बट बसली. झुरळाची मिशीसुद्धा दिसत नव्हती. कडेच्या रेघांना पट्टी उरली नाही, पण त्यांची आठवण कुणाला झाली नाही.

रविवारी पावणेदहाला आम्ही गेटवर पोहोचलो. पहारेकरी खाली वाकून दार न्याहाळू लागला. मालकीणबाईंनी काच खाली घेतली. या वेळी त्या बोलल्या. "मी केस कापणारी. आजी-आजोबांसाठी आलेय. गेल्या बुधवारी तुम्ही मला मागच्या गेटला पाठवत होतात."

पहारेकरी ओशाळला. "अहो, मग तेव्हाच सांगायचं ना, बाई!" म्हणत त्याने मोठे गेट दोन्ही बाजूंनी उघडले.

अंगणात आजी-आजोबा उन्हात बसले होते. गाडी थांबताच एक किडकिडीत आजी काठी टेकत आली आणि दारावरच्या बटांवरून हात फिरवू लागली. "सगळीकडे चित्रांत काळेभोर केस असतात," ती म्हणाली. "हिचे माझ्यासारखे आहेत. माझे असे करता येतील?"

"हिचे मागच्या दारापर्यंत आहेत, आजी," मालकीणबाई हसत म्हणाल्या. "तुमच्याकडे आहेत त्यात बघू. बसा."

त्या दिवशी अकरा डोकी झाली, आणि अकराही मीच वाळवली. ती आजी तर आरशात पाहून थेट गाडीजवळ गेली, दाराशेजारी उभी राहिली आणि पहारेकऱ्याला विचारू लागली, "सांग, कुणाचे चांगले?" तो हुशार माणूस होता. "तुमचेच," म्हणाला. काम व्यवस्थापिकेला पसंत पडले, हे वेगळे सांगायला नको. त्याला आता तीन वर्षे झाली. एखाद्या बटेची कड उचलली जाते, तेव्हा मालकीणबाई मला बाहेर नेतात आणि मी ती पुन्हा बसवून देतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. त्याची मागची जाळी महिन्यातून एकदा झाडा. वायर त्याच्या गळ्याभोवती करकचून आवळू नका. तो दमला तर लगेच टाकून देऊ नका, पाव तास थांबा. आणि घरात कुणी कसबी माणूस खिडकीशी नुसते बसून असेल, तर त्याच्यासमोर एखादे काम चुकीचे करायला घ्या. त्याला राहवणार नाही. तो उठेल, बाह्या सरकवेल आणि म्हणेल, "अगं, असं नाही. आण इकडे."