पडद्याबाहेर पडलेला फासा

“पोस्टमनचा चोर दोनदा मेला होता, दादा. दोन्ही वेळा तू खोटा आकडा सांगितलास.”

टेबलावरची आपली बाहुली उचलता उचलता धाकटी बहीण हे बोलली. बोटभर उंचीची, प्लास्टरची नावाडीण. बहीण दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या ठिकाणी कामाला होती. खेळात प्रत्येकाचं एक पात्र होतं, तिची नावाडीण तसा पोस्टमनचा चोर; तिथल्या उरलेल्या प्लास्टरमधून तिनेच सगळ्यांच्या बाहुल्या ओतल्या होत्या.

समोर, उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे दादा बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण रविवारी दुपारी या जेवणाच्या टेबलावर त्याचं राज्य असे. गोष्ट तो सांगायचा. शत्रू तो चालवायचा. वीस बाजूंचा फासा पुठ्ठ्याआड तोच टाकायचा आणि आकडा तोच सांगायचा. मोठा आला तर घाव बसला, लहान आला तर हुकला. घाव सोसण्यापलीकडे गेले की माणूस मेला, आणि मेलेला परत येत नाही, असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तरी तीन वर्षांत कोणी मेलं नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी नावाडीण मेली.

त्याआधी दादाचा मित्र, पोस्टमन, नेहमीप्रमाणे चेष्टा करत होता. “तुझ्या खेळात मरायची सोयच नाही राव. युद्धावर निघालोय की सहलीला, तेच कळत नाही.” दादा हसला होता, पण पुढचा फासा त्याच्या हातून जरा जास्तच जोरात सुटला. पुठ्ठ्यावरून उडून तो पलीकडे गेला, बिस्किटांच्या ताटलीला आपटला आणि सगळ्यांच्या देखत थांबला. वीस. पुलावरच्या पहारेकऱ्याचा बाण नावाडणीच्या गळ्यात.

“पडला तो पडला,” दादा म्हणाला होता. “नियम म्हणजे नियम.”

पोस्टमनने शिट्टी वाजवली होती. वहिनीने तोंडावर हात ठेवला होता. बहीण तेव्हा काहीच बोलली नव्हती.

“मी कशाला खोटं बोलेन?” दादाने पुठ्ठा उगाचच सरळ केला.

“तुझ्या मागे कपाट आहे. काचेचं.”

दादाने मान वळवली नाही. कपाट त्यानेच तिथे लावलं होतं. वहिनी आणि पोस्टमन टेबलाच्या दोन बाजूंना बसत. बरोबर समोरची, एका पायाने डुगडुगणारी खुर्ची बहिणीची. तिथून काचेत त्याचे हात दिसत असणार, फासा दिसत असणार. तीन वर्षं.

“आकडे उलटे दिसतात,” बहीण म्हणाली. “पण मी दिवसभर उलटे साचेच बघते. सवय आहे मला.”

“म्हणजे तो गुहेतला राक्षस?” पोस्टमनने विचारलं.

“एकोणीस आला होता. दादाने चार सांगितला.”

“अरे देवा. मी टपालघरात आठवडाभर मिरवलो त्याच्यावर.”

“आणि माझं?” वहिनी म्हणाली.

“तुझं एकदाच, वहिनी. नदीकाठी.”

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. “मला म्हणालास, नशीब जोरावर आहे तुझं.”

“नवऱ्याच्या हातात होतं ते, म्हणून जोरावर,” पोस्टमन म्हणाला. त्याने बिस्किटाचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला.

“मजा जाऊ नये म्हणून केलं,” दादा म्हणाला. “इतकी वर्षं जीव लावून खेळायचं आणि एका फाशापायी माणसाचं सगळं...”

वाक्य पुढे जाईना. पुढे काय येतं ते त्याच्यासकट सगळ्यांना दिसत होतं.

नावाडीण भांडखोर होती. राजाच्या दूतालाही तिने रांगेत उभं केलं होतं. पुरात नाव घालायला सेनापतीने फर्मावलं, तर “तू वल्हव, मी काठावरून बघते,” म्हणाली होती, आणि पोस्टमन हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. तो आवाज या घरात एरवी कधी ऐकू यायचा नाही. दादाचं लग्न झालं तेव्हा बहिणीची खोली गेली, पलंग व्हरांड्यात आला. ती तेव्हा “चालेल” म्हणाली होती. पंखा नंतर बसवू म्हटलं, तेव्हाही “चालेल”. पंखा अजून बसलेला नाही. दर रविवारी तीन तास मात्र ती कोणालाही नाही म्हणू शकत होती. ते तीन तास आता बाणाबरोबर गेले होते.

“मलाही लाज वाटते,” ती म्हणाली. “तीन वर्षं बघत होते आणि गप्प होते. खरं सांगू? आवडायचं मला. वाटायचं, दादा सगळ्यांना सांभाळून घेतो. माझी वेळ आली की मलाही घेईल.”

“पण हा फासा बाहेर पडला ना,” दादाचा आवाज चढला. “सगळ्यांनी पाहिला. मी काय करणार होतो?”

“बाहेर पडलेला फासा धरत नाही आपण,” पोस्टमन हळूच म्हणाला. तो टेबलाकडे बघत होता. “माझा मागे जमिनीवर गेला होता, तेव्हा तूच परत टाकायला लावलास. मला मघाशीच आठवलं होतं. पण मीच तुला डिवचलं होतं ना, म्हणून बोललो नाही.”

दादालाही आठवलं होतं. वीसचा आकडा दिसला त्याच क्षणी. तरी त्याने छाती भरून ‘नियम म्हणजे नियम’ म्हटलं होतं, आणि म्हणताना आपण किती सच्चे आहोत असं त्याला चक्क वाटलं होतं. पाच मिनिटं. आता त्याचे कान तापले होते. नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून त्याने ती फाशावर ठेवली.

“परत टाकतो,” तो म्हणाला. पुठ्ठा मोडून त्याने खाली टाकला. “हे बघ, उघड्यावर. सगळ्यांसमोर.”

त्याने हात पुढे केला. त्याआधीच बहिणीने फाशावर तळवा ठेवला.

“नको.”

“मग नाही मेली असं धर. माझी चूक झाली. नावाडीण जिवंत. संपलं?”

“मारायचं तू ठरवणार, जगवायचंही तूच.”

“मग पाहिजे काय तुला?” हे त्याने फार हळू विचारलं. वहिनीने कप गोळा करायला घेतले होते, ते तिने परत खाली ठेवले.

“फासा तू मुद्दाम उडवला नाहीस, ते मला माहीत आहे,” बहीण म्हणाली. “अपघात होता. त्याबद्दल मी बोलतच नाही. मी पुढचं विचारतेय. फासा थांबल्यावर तू पोस्टमनकडे पाहिलंस. मग वहिनीकडे. मग माझ्याकडे. आणि मग नियम म्हणालास. हे मी काचेत नाही पाहिलं, समोरून पाहिलं.”

दादाने खाली पडलेला पुठ्ठा पायाने बाजूला सारला.

“धाकटी काही बोलायची नाही, हे तुला कधीपासून माहीत आहे, दादा? आठव. मी बसलेय इथेच. सांग.”