देवकाबाईच्या नेमाची गुलाबवेल

केशोरी गावात एका कौलारू घराच्या ओसरीपुढे, बांबूच्या ताटीवर आडवी पसरलेली मी एक गुलाबाची वेल. येणारा-जाणारा माझे फूल पाहतो, काट्याला जपतो आणि पुढे निघून जातो. माझी विचारपूस करायला कोणी थांबत नाही, म्हणून आज मीच तोंड उघडते आहे. एका जागी राहून माणसे न्याहाळण्याची मला फार खोड आहे. त्यांच्या पुष्कळ गोष्टी मला अजून उमगलेल्या नाहीत. ज्या नारायणाने माझ्या मुळांना ओल दिली आणि माणसाला वाणी दिली, त्याचे स्मरण करून मी माझी हकीकत सांगते.

वर्षातून एकदा फुलून गप्प बसणाऱ्या गुलाबांच्या कुळातली मी नव्हे. एक बहर ओसरला की थोडा विसावा घ्यायचा आणि दुसरा बहर धरायचा, हा आमचा कुळधर्म. माझी माता दरेकसा स्टेशनच्या कुंपणावर होती. डोंगरातून आगगाडी धापा टाकीत यायची, थोडकी माणसे उतरवायची आणि धुराने माझ्या मातेची पाने काळी करून जायची. रुळांचे सांधे बदलणारा शालीकराम नावाचा पाइंटमन गाडी गेल्यावर उरलेले पाणी तिच्या बुंध्याशी ओतीत असे.

सत्तेचाळीस सालचा पावसाळा सरत आला होता. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि स्टेशनच्या खांबाला बांधलेली कागदी तिरंगी पताका पावसाने धुऊन पांढरी पडली होती. खुशाल नावाचा एक तरुण मामाच्या गावाहून परत निघाला होता. तो कुंपणापाशी बराच वेळ घुटमळला.

"भाऊ, याले फुलं केव्हा येतेत?" त्याने विचारले.

"बारो महिना," शालीकराम म्हणाला. "थोडा दम लेती है, फिर फूलती है. काय, लुगाई के लिए चाहिए?"

"लग्नच नाई झालं तं लुगाई कुठली? मायसाठी पायजे." मग खुशालने सांगितले ते मीही ऐकले. हिवतापाने तो मरणाच्या दारी गेला होता. त्याची आई देवकाबाई देवापुढे बसून बोलली होती की, पोरगा वाचला तर मी जिवंत आहे तोवर रोज माझ्या अंगणातले एक ताजे फूल तुला वाहीन आणि मगच अन्नाला शिवेन. पोरगा वाचला. अंगणातल्या जास्वंदीला मात्र वाळवी लागली. झेंडू हिवाळ्यापुरता आणि मोगरा उन्हाळ्यापुरता. मधल्या दिवसांत माउली उपाशी राहत होती.

शालीकरामने पुढे काही न विचारता एक जून फांदी कापून दिली. ती फांदी म्हणजेच मी.

ओल्या गोणपाटात गुंडाळून मी गोंदियाला आले, तिथून छोट्या रेल्वेने अर्जुनीला आणि पुढे बैलगाडीने केशोरीला. देवकाबाईने मला पाहिले आणि पदर डोक्यावर घेतला, जणू घरी कोणी वडीलधारे आले असावे. तुळशीच्या डाव्या अंगाला खड्डा खणला होता. त्यात शेणखत आणि भाताच्या तुसाची राख घातली होती. तिने मला लावले, हळदकुंकू वाहिले आणि हात जोडले. अजून मला पानही फुटले नव्हते. ज्याच्याजवळ द्यायला काहीच नाही त्यालाही माणसे हात जोडतात, याचे मला तेव्हा फार नवल वाटले.

मी जीव धरल्यावर देवकाबाईने माझ्या शेजारी एक उंच, सरळ बांबू रोवला. मारुतीच्या देवळापुढे ध्वजाचा असतो, तसा. माझे कोंब पेंढ्याच्या दोरीने ती त्याला बांधीत गेली. शेजारच्या अनुसयाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "देवका, वेलीले मांडव टाक ना वं. दोडक्याले टाकतेस, हिले काऊन नाई?"

"दोडका माणसाच्या पोटात जाते," देवकाबाई म्हणाली. "ही देवाच्या नावानं लावली आहे. देवाकडंच जाईन, सरळ वर. हिले वाकवाची नाई."

तिचा भाव निर्मळ होता, पण माझ्या शरीराची रीत वेगळी होती. सरळ उभ्या फांदीत सगळा रस शेंड्याकडे धावतो. वाटेतल्या पेरांवरचे डोळे झोपून राहतात आणि फुले येतात ती फक्त टोकाला. मी वाढत वाढत कौलांच्याही वर गेले. फिकट गुलाबी, पोटाशी पिवळसर अशी माझी फुले आभाळाखाली उमलत. ती पाहायला चिमण्या आणि कौले, एवढेच. एखादे फूल हवे तर खुशाल लांब काठीला आकडी बांधून ओढायचा. दहांतली निम्मी पाकळी पाकळी होऊन खाली पडत. आणि जमिनीवर पडलेले फूल देवकाबाई देवाला वाहत नसे.

ज्या दिवशी फूल मिळे, त्या दिवशी ते ओंजळीत धरून ती आत जाई. आत देवघरात पितळी बाळकृष्ण आहे असे मी ऐकते; पाहिलेला नाही. माझी लेकरे त्या उंबऱ्याच्या आत जातात आणि दुसऱ्या सकाळी निर्माल्य होऊन माझ्याच बुंध्याशी परत येतात. रात्रभर ती कोणाच्या पायाशी होती, हे मी त्यांना पुष्कळदा विचारले. त्यांच्या अंगाला फक्त चंदनाचा वास असतो.

ज्या दिवशी फूल मिळत नसे, त्या दिवशी देवकाबाई चूल पेटवी, मुलाला वाढी आणि स्वतः ओसरीवर बसून अभंग गुणगुणे. कोणी जेवायला बोलावले तर म्हणे, "आज पोट जड आहे." रिकाम्या पोटाला माणसे जड का म्हणतात, हेही मला कळले नाही. एवढेच कळत होते की तिच्या उपवासाचे कारण मी आहे. मी जिवाच्या आकांताने रस ओढीत असे, आणि तो पुन्हा शेंड्यालाच जाई.

पुढे खुशालचे लग्न झाले आणि प्रेमिला या घरात आली. आमच्याकडे सुना सासूला मामीजी म्हणतात. मामीजीपुढे सुनेने हळू बोलावे अशीही रीत आहे, पण ती प्रेमिलाला जमली नाही. ती कामाला जशी चपळ, तशी जिभेलाही. आल्या वर्षीच तिने पाहिले की सासूबाई विहिरीवरून येताना भिंत धरून चालतात. एकदा तर त्या घागरीसह खालीच बसल्या. अर्जुनीच्या डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितले की, या वयात असे वरचेवर उपवास झाले तर ही बाई फार दिवस काढणार नाही.

"सेवकराम काकाच्या बाडीत झेंडूच झेंडू आहे जी," प्रेमिला म्हणाली. "मी मागून आणतो. तुमी जेवा."

"त्यायच्या बाडीतलं फूल वाहीन तं पुण्य त्यायचं. बोल मी देल्ला होता, सेवकरामनं नाई."

"बोल देवाले देल्ला ना? मंग देव काय तराजू घेऊन बसला आहे, कोणाच्या अंगणातलं हाय ते पाहाले?"

"तो नाई पाहत," देवकाबाई शांतपणे म्हणाली. "मी पाहतो."

 प्रेमिला मोरीवर जाऊन भांडी फार जोरात घासू लागली.

पंचावन्न साली, भाताची रोपे लावण्याच्या, म्हणजे रोवण्याच्या दिवसांत एका दुपारी वादळ आले. माझ्या बांबूला बुडाशी वाळवी लागली होती, हे मला ठाऊक होते, सांगणार कोणाला? बांबू मोडला आणि मी अख्खी काटेरी कुंपणावर आडवी झाले. देवकाबाई ओसरीतून पाहत होती. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "देवाची वेल पडली वं माय." त्या संध्याकाळी ती जेवली नाही, आणि त्याचे कारण केवळ फूल नव्हते.

खुशाल म्हणाला, "माय, रोवणा होऊ दे. मंग नवा बांबू आणून उभी करतो." खरेच त्या दिवसांत कोणाला उसंत नसते. सारे गाव गुडघाभर चिखलात वाकलेले असते. मी कुंपणावर पडून त्यांची गाणी ऐकत राहिले.

आणि तेव्हा माझ्या अंगात काही नवलच घडू लागले. शेंड्याकडे धावणारा रस वाटेत थांबू लागला. जन्मापासून निजलेला एकेक डोळा जागा झाला. प्रत्येक पेराशी आखूड, लालसर धुमारा उभा राहिला आणि प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला कळी धरली. मी स्वतःलाच नव्याने पाहत होते. ही सारी फुले माझ्यातच होती काय? मग इतकी वर्षे ती कोठे होती? उंच जाण्याच्या ध्यासात मी माझ्याच अंगावरून न बघता पुढे गेले होते. दिंडीत एकमेकांच्या पायांवर डोके ठेवणारी माणसे मी या ओसरीपुढे पाहिली होती. डोके खाली जाते तेव्हा त्यांना काय लाभते, याची मला थोडी कल्पना आली.

रोवणा संपला. खुशाल खांद्यावर नवा बांबू घेऊन आला. त्याच्याबरोबर मंगली होती. जंगलालगतच्या टोलीत, छोट्या वस्तीत, राहणारी, दरवर्षी या घराच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवण्याला येणारी. तिच्या पोटऱ्यांना अजून चिखल होता. प्रेमिला माझ्यापुढे आडवी उभी राहिली.

"बांबू खाली ठेवा जी."

"काऊन?" खुशाल म्हणाला.

"डोळे हाएत ना? पाहा तं. किती कळ्या हाएत!"

देवकाबाई काठी टेकत बाहेर आली. तिने वाकून पाहिले आणि तोंड फिरवले. "पडेल वेलीच्या कळ्या त्या. जमिनीवरचं फूल देवाले चालत नाई, हे तुया मायनं तुले शिकवलं नाई का?"

"फूल पडलं तं चालत नाई, मामीजी. इथं फूल कुठं पडलं? वेल वाकली."

"वाकली काय अन् पडली काय! म्या तिले देवाच्या नावानं उभी केली होती."

"मंग तुमाले कोणाच्या नावानं उभं केलं होतं?" प्रेमिलाचा आवाज चिरकला. "तुमी या घरात आल्या तवा सरळच होत्या ना? आता कंबर वाकली. देवानं तुमाले टाकून देल्लं का?"

 खुशाल बांबू तसाच धरून कधी आईकडे, कधी बायकोकडे पाहत राहिला. मंगलीच हसली. "बाई, सुनेले गोंदियाच्या कोर्टात धाडा. वकिलायले पाणी पाजीन."

"काट्याची वेल ती का ही सून, कळतच नाई," देवकाबाई पुटपुटली. पण ती प्रेमिलाकडे पाहत होती, आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी आहे हे मला दिसले तसे तिलाही दिसले असावे. शेवटी ती म्हणाली, "कळी मातीले लागली नाई पायजे."

मग मला उभी करण्यासाठी आणलेला तो बांबू मंगलीने चिरला. खुशालने मेढी रोवल्या. प्रेमिलाने ओसरीपुढे कमरेइतक्या उंचीची ताटी बांधली आणि माझी एकेक फांदी तिच्यावर आडवी पसरून सैल गाठींनी अडकवली. तिच्या हातांना किती काटे लागले! तिने एकदाही मला शिवी दिली नाही, आणि तिच्याकडून ही गोष्ट लहान नव्हे.

काही दिवसांनी पहाटे पहिली कळी उमलली. देवकाबाई आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आली. फूल कौलांवर आणि तिची पाठ वाकलेली, म्हणून आजवर माझे फूल तिला नेहमी दुसऱ्याने काढून दिले होते. आता फूल तिच्या छातीशी होते. तिने माझ्याकडे पाहिले, देठाला दोन बोटे लावली आणि स्वतःच्या हाताने फूल खुडले. ते घेऊन आत गेली. घंटा वाजली. मग आतून शब्द आले, "प्रेमिला, भात झाला का वं? भूक लागली."

त्यानंतर मी बहरावर बहर धरले. प्रेमिला सुकलेली फुले वेळीच खुडते, मला फळ धरू देत नाही. थंडी सरताना जुने लाकूड छाटते, शेणखत घालते. माझी मुळे बोटभरही हलली नाहीत, पण माणसे सांगतात की मी मध्यप्रांतातून मध्य प्रदेशात, तिथून मुंबई राज्यात आणि यंदाच्या मे महिन्यात महाराष्ट्रात आले. असेल. पाणी त्याच विहिरीचे आहे.

तरीही कडक उन्हाळा मला सोसत नाही. यंदा पाने करपली आणि एका सकाळी ताटीवर एकही कळी नव्हती. प्रेमिला दारात उभी होती. देवकाबाई आली. तिला आता नीट दिसत नाही. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझ्या अंगावरून हात फिरवला, काटे चुकवीत, सावकाश. मी लाजेने मेल्याहून मेल्यासारखी झाले. तिने माझे एक कोवळे पान खुडले आणि कपाळाला लावले.

"मामीजी, आज..." प्रेमिला म्हणाली.

"आज हिचा उपास आहे," देवकाबाई म्हणाली. "एका घरात दोघीनं उपास धरला तं कसं होईन? मी एवढं पान ठेवून येतो. तू वाढ."

बोल तिने दिला होता आणि सैलही तिनेच केला. आत बाळकृष्ण काय म्हणाला ते मला ठाऊक नाही. ताटात भात पडल्याचा आवाज मात्र मी ऐकला.

वाचकहो, माझ्यासारखी वेल तुमच्या अंगणी लावाल तर तिला आडवी पसरू द्या, सुकले ते खुडा, मुळाशी ओल ठेवा. जे माझ्यात आहे ते मी देईनच. आणि ज्या दिवशी माझे हात रिकामे असतील, त्या दिवशी माझ्याजवळ घटकाभर बसा, पान न्या, पण उपाशी निजू नका. आता ऊन उतरले आहे. प्रेमिला पाण्याची घागर घेऊन येते आहे. माझा तुम्हांला राम राम.