विनयाच्या गुडघ्याचा खटका

मित्रांनो, अधू पायाला उभे राहता यावे म्हणून त्याला बाहेरून जो आधार बांधतात, तो कॅलिपर मी आहे. माझ्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आता काळवंडल्या आहेत. चामड्याचे पट्टे वाळून कडक झाले आहेत. एके काळी मला बघायला मोठमोठे डॉक्टर आले होते. तरी माझी हकिगत सांगताना मला लाज वाटते. का, तेच सांगतो.

मला घडवले हेमचंद्रकाकांनी. ते मूळचे साताऱ्याचे. लखनौच्या एका संशोधन संस्थेत धातूंवर काम करत. इंदिरा नगरात त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून दयाराम राहत. ते भंडाऱ्याचे, तारखात्यात नोकरीला. त्यांची अकरा वर्षांची मुलगी विनया हिचा डावा पाय लहानपणीच पोलिओने लुळा पडला होता. तिच्याकडे एक लोखंडी कॅलिपर होता, पण तो गुडघ्यात वाकत नसे. वर्गात तिचा पाय बाकाबाहेर ताठ पसरलेला असे आणि येणारी-जाणारी मुले त्याला अडखळत.

१९७९ सालच्या एक मे रोजी मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. सगळी मुले सतरंजीवर मांडी घालून बसली होती आणि विनया एकटी भिंतीशी खुर्चीवर. काकांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागदावर माझी चित्रे काढायला घेतली.

नऊ महिने लागले. लखनौजवळच्या चिनहटमधल्या एका कारखान्यात त्यांनी माझ्या पट्ट्या कापून घेतल्या. माझ्या गुडघ्यात त्यांनी एक खटका बसवला. उभे राहिले की तो स्प्रिंगने आपोआप अडके, बसायला लागले की आपोआप सुटे. हात लावायची गरज नव्हती. तो खटका म्हणजे त्यांचा शोध होता.

पहिल्या दिवशी विनया स्टुलावर बसली आणि तिचा गुडघा वाकला. ती उठली, पुन्हा बसली. असे तिने पंधरा-वीस वेळा केले. तिची आई कमल स्वयंपाकघरात निघून गेली आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आली. त्या दिवशी मी फार फुशारलो होतो.

दुसऱ्याच महिन्यात शाळेच्या जिन्यावर माझा खटका सुटला. विनयाने कठडा धरला म्हणून ती वाचली. तिला मराठी सगळे कळे, पण बोले ती हिंदीत. संध्याकाळी ती काकांना म्हणाली, "काका, ये कभी-कभी खुल जाता है. सीढ़ी पर."

काकांनी मला टेबलावर सरळ ठेवून दाबून पाहिले. खटका सुटला नाही. त्यांनी तिला समजावले, की पाऊल नीट टेकत जा, सवय होईल. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्या वेळी दयारामच मध्ये पडले. साहेब एवढे करतायत आणि तू खोट काढतेस, असे ते तिला रागावले. मग ती बोलायची थांबली.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. खटक्याचा दात केसभर आखूड होता. पाय सरळ असला तर तो अडके, पण पायरीवर पाय जरासा पिळला की निसटे.

१९८१ च्या जानेवारीत संस्थेच्या सभागृहात माझे प्रात्यक्षिक ठेवले होते. डॉक्टर आले, दिल्लीहून अधिकारी आले. विनया नवा निळा फ्रॉक घालून आली. ती उठली, बसली, चालली, आणि टाळ्या पडल्या. मग एका अधिकाऱ्याने तिला मंचाच्या पायऱ्या चढून दाखवायला सांगितले. तिने काकांकडे पाहिले. त्यांनी मान हलवून होकार दिला.

तिसऱ्या पायरीवर मी सुटलो. विनया हातावर पडली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले.

सगळे धावले. काय झाले, असे अधिकाऱ्याने विचारले. काका खाली वाकले होते. त्यांची नजर माझ्या उघड्या पडलेल्या खटक्यावर स्थिर झाली होती. त्यांना सगळे दिसले होते. तरी ते उठून म्हणाले, "बच्ची घबरा गई थी."

पडल्यावर विनया रडली नव्हती. हे ऐकल्यावर रडली.

मित्रांनो, मी तेव्हा तिच्याच पायाला बांधलेला होतो. चूक माझी आणि बोल तिला. घरी गेल्यावर दयारामही तिला म्हणाले, की चारचौघांत साहेबांची मान खाली गेली. हाताला प्लॅस्टर घातलेली ती मुलगी भिंतीकडे तोंड करून निजली.

मला वर्तमानपत्रात गुंडाळून काकांकडे परत धाडले. या वेळी त्यांनी मला तिरपे धरून, वजन टांगून, दोनशे वेळा तपासले. नऊ वेळा मी सुटलो. माझा दात गुपचूप बदलून टाकणे त्यांना सहज जमले असते. पण त्यांनी तसे केले नाही. मला पिशवीत घालून ते दयारामांच्या घरी गेले.

आईवडिलांच्या देखत ते म्हणाले, "विनया, तू घाबरली नव्हतीस. खटका सुटला. चूक माझी होती आणि मी ती तुझ्यावर ढकलली."

विनयाने त्यांना माफ केले नाही. तिने एवढेच विचारले, "सबके सामने बोलेंगे?"

काकांचा चेहरा उतरला. कमलने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. शेवटी ते हो म्हणाले.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या बैठकीत त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि खटका कसा सुटतो ते सगळ्यांना दाखवले. मुलीने तीनदा सांगितले होते आणि आपण ऐकले नाही, हे सांगितले. त्या दिवशी आपण खोटे बोललो, हेही सांगितले. शेवटच्या रांगेत विनया जुना लोखंडी कॅलिपर लावून, पाय ताठ पसरून बसली होती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. काकांचे ते काम संस्थेने बंद केले.

घरी परतल्यावर दयारामांनी खाली बसून तिच्या बुटाची नाडी सोडली.

पुढे काका सुट्टीच्या दिवशी घरीच काम करू लागले. आता प्रत्येक गोष्ट ते आधी विनयाला विचारत. ती सांगे, इथे टोचते, इथे घाम साचतो. आपोआप सुटणारा खटका नकोच, असे तिनेच ठरवले. हाताने वर-खाली करायची साधी कडी तिला हवी होती. दोन वर्षांनी तसा कॅलिपर तयार झाला. त्यात हुशारी कमी होती, पण जिन्यावर तो कधी सुटला नाही. आज, १९८८ साली, विनया त्याच घडणीचा कॅलिपर लावून विद्यापीठात जाते.

मी काकांच्या कपाटात असतो. शिकायला येणाऱ्यांपुढे ते दर वर्षी मला काढतात आणि सगळे सांगतात. सांगताना त्यांचा आवाज अजून खाली जातो. मलाही कपाटात परत जावेसे वाटते.

मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी खपून काही बनवले आणि ते टोचत असेल, तर उपकाराच्या ओझ्याने गप्प बसू नका. आणि उद्या तुम्ही स्वतः काही घडवाल, तेव्हा जो ते वापरतो त्याचे पहिल्याच वेळी ऐका. मला तोंड नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो. तिला होते, आणि ती बोलली होती.