गोल दाणे

“आहे का गं काही टाकायचं?” ओब्दुलियाने पायरीवरूनच विचारलं आणि कापडी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

एन्ग्रासियाने मान वर केली नाही. ओसरीतल्या टेबलावर वाळलेले, हिरवट कॉफीचे दाणे पसरले होते. एका अंगाने सपाट, मधोमध रेघ असलेले दाणे ती स्वतःकडे ओढत होती. किडके, फुटके खाली बादलीत पडत होते आणि वाटाण्यासारखे गोल निघालेले एका डब्यात.

“घ्या.” तिने गोल दाण्यांचा डबा पुढे सरकवला. “कोंबड्या तरी खातात का हो हे?”

“माझ्या कोंबड्या लाडावल्यात फार.” ओब्दुलिया हसली. पिशवी भरून घेतली, “देव भलं करो तुझं,” म्हणाली आणि उतारावरच्या आपल्या घराकडे निघाली.

ओब्दुलिया म्हणजे एन्ग्रासियाच्या नवऱ्याची, मोन्सेर्रातेची, विधवा बहीण. एन्ग्रासिया किनाऱ्यावरची, उसाच्या मुलखातली; लग्न होऊन हायुयाच्या डोंगरात आली. पहिल्याच वर्षी कॉफी विकत घेणाऱ्या वखारीतल्या माणसाने तिचं पोतं उपडं करून सुनावलं होतं, “बाई, वेडंवाकडं काही चालत नाही इथं.” तेव्हापासून सारख्या नसलेल्या प्रत्येक दाण्यावर तिचा राग होता. घरी प्यायलाही ती निवडक, सपाट, एकसारखे दाणेच ठेवी. मन लावून ते भाजायची, कुटायची, कापडी गाळणीतून गाळायची.

आणि मोन्सेर्राते अर्धा कप पिऊन उठे. “जरा ओब्दुलियाकडे जाऊन येतो.”

रोज दुपारी. जपमाळ हातात घेऊन ती बसे, पण मन उतारावर धावे. आता तो पोचला असेल. आता तिने कप पुढे केला असेल. ‘हे मरियम माते’ म्हणता म्हणता मणी चुके आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागे. बरं, एकटा नवराच नव्हे. दर बुधवारी मातेची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी जाई, बायका जमून जप करीत आणि ज्याच्या घरी मूर्ती असेल त्याच्या घरी कॉफी मात्र ओब्दुलियाच्या किटलीतली! एकदा एन्ग्रासियाने हट्टाने स्वतःची दिली, तर म्हातारी क्रुसिता घोट घेऊन म्हणाली होती, “पोरी, किनाऱ्याचं पाणी अजून गेलं नाही गं तुझ्या हाताचं.” सगळ्या हसल्या. ओब्दुलिया हसली नव्हती. तेच जास्त लागलं होतं.

त्या दुपारी वखारीचा माणूस आला, म्हणून नवऱ्याला बोलवायला एन्ग्रासिया उतार उतरून गेली. मोन्सेर्राते अंगणात कुंपणाचा खांब ठोकत होता. ओब्दुलिया चुलीशी कढईत दाणे परतत होती. कढईत एकही सपाट दाणा नव्हता. सगळे गोल, तपकिरी, चकचकीत. उड्या मारत होते.

एन्ग्रासियाने नवऱ्याला हाक मारून निरोप दिला. चढ चढताना मात्र तिने नवऱ्याला थांबवलं.

“कोंबड्या कॉफी भाजून खातात वाटतं?”

मोन्सेर्रातेने टोपी काढली, पुन्हा घातली. “गोल दाणा म्हणजे फळात एकटीच वाढलेली बी. सगळा रस तिलाच मिळतो. इथं सगळे तोच निवडून घरी ठेवतात.”

“आणि हे मला सांगायला तुझी जीभ झडली होती?”

“नवऱ्याच्या दुखण्यात तिने तिच्या वाटणीची कॉफीची झाडं विकली, ठाऊक आहे तुला. मी दिलेलं ती घेत नाही. तू टाकलेलं घेते.”

“म्हणजे मी मूर्ख ठरले, तर तुझ्या बहिणीचा मान राहतो.”

टोपी सारखी करत तो पुढे चढू लागला. नाही म्हणाला असता, तर बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला ओब्दुलिया पिशवी घेऊन आली, तेव्हा एन्ग्रासिया टेबल पुसत होती.

“या वेळी टाकण्यासारखं काहीच निघालं नाही,” तिने सांगितलं. आवाज अगदी मऊ होता.

ओब्दुलियाने फळीवरच्या झाकण लावलेल्या डब्याकडे पाहिलं. “बरं झालं की,” ती म्हणाली. “पीक चांगलं आलं म्हणायचं.”

बुधवारी मूर्ती एन्ग्रासियाकडे आली. जप संपला. ओब्दुलिया या वेळी किटली न घेताच आली होती, ते पाहून बायका एकमेकींकडे बघत होत्या. एन्ग्रासियाने कप फिरवले.

क्रुसिताने घोट घेतला, डोळे मिटले. “अहाहा! याला म्हणतात कॉफी. ओब्दुलिया, तू सकाळीच येऊन करून ठेवलीस होय गं?”

“नाही हो. मी आत्ताच आले,” ओब्दुलिया म्हणाली. “एन्ग्रासियाची आहे. भाजणी माझ्याहून चांगली जमलीय.”

“असू दे, असू दे. शिकवलीस ना शेवटी!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ओब्दुलिया पुन्हा “नाही हो” म्हणाली, पण तोवर बोलणं भलतीकडे गेलं होतं.

दारात उभ्या मोन्सेर्रातेने मात्र कप तळापर्यंत संपवला. आज पहिल्यांदा. तोंड पुसून बायकोकडे पाहून म्हणाला, “छान झालीय.” एन्ग्रासियाचं ऊर भरून आलं. तिने किटली उचलली, “आणखी देऊ?”

“नको, पुरे.” त्याने खुंटीवरची टोपी काढली. “ओब्दुलियाला सोडून येतो.”

बायका पांगल्या. एन्ग्रासिया ओसरीच्या कठड्याशी उभी राहिली. खाली उतारावर भाऊ-बहीण पायरीवर शेजारी शेजारी बसले होते. ओब्दुलियाने अंगणातल्या संत्र्याची पानं तोडून पाण्यात उकळली होती. तो वास वाऱ्याबरोबर वर येत होता. हातात कप धरून मोन्सेर्राते काहीतरी सांगत होता आणि ओब्दुलिया डोकं मागे टाकून हसत होती. असा सलग बोलताना एन्ग्रासियाने त्याला घरी कधी पाहिलं नव्हतं.

किटलीत दोन कप कॉफी उरली होती. तिने त्यावर बशी झाकली आणि चूल विझवली.