चुलीच्या दगडांची भिंत

दगड भिंतीला लावा, हे मीच सांगितलं. वस्तीत आजही कोणी पोपटचं नाव घेतं, कोणी मुक्ताचं. त्यांनी तोंड सांभाळावं. बायजाबाईनं केलेलं बायजाबाईच्याच नावावर राहू दे.

साल अठ्ठ्याहत्तर. करावे गावाच्या कडेला आमची बौद्धवस्ती, आणि तिच्या खाली, खाडीच्या बाजूला, आमची माती द्यायची जागा. माझ्या आजेसासूच्याही आधीपासूनची. थडगी बांधायची ऐपत कोणाची नव्हती. माणूस गेलं की त्याच्या घरच्या चुलीचा एक दगड काढायचा आणि उशाला रोवायचा. तेवढीच ओळख. माझी गोजरा तिथं होती, दोन वर्षांची, पटकीच्या साथीत गेलेली. माझी धाकटी जाऊ मुक्ता, तिचा किसनही त्याच आठवड्यात गेला.

नव्या शहराचा रस्ता नेमका तिथून आखला. मुक्ताचा नवरा, माझा दीर पोपट, ऑफिसात जाऊन आला. म्हणाला, "वैनी, नकाशात ती पडीक जमीन हाय. आठ दिवसांनी साहेब मोजनीला येनार. जागा राखलेली दिसली पायजे, नायतर रस्ता पोरांच्या अंगावरून जाईल."

वस्ती कामाला लागली. बायांनी काटेरी झुडपं तोडली, पुरुषांनी भिंतीचा पाया खणला. पण दगडाचा ट्रक काही येईना. सगळे ट्रक वाशीच्या इमारतींकडे. चार दिवस उरले आणि पोपट डोकं धरून बसला.

"बसलास काय खुडूक कोंबडीवानी?" मी म्हटलं. "दगड तुज्या पायाखाली पडलेत. उचल."

मुक्ता पुढं आली. "बाय, दगडच तर वळख हाय. ते काढले तर आपलं लेकरू वळखायचं कसं?"

"मुक्ते, मी आई हाय. मला दगड लागत नाय. गोजरा कुठं हाय ते डोळे मिटून दाखवीन. तुला याद नसंल तर तुजं तू बघ."

किसनचा दगड तिनंच उचलून माझ्या हातात दिला, आणि मी तो पोपटला दिला.

भिंत झाली. कंबरेएवढी, वरून चुना. दोन दिवस मी वस्तीतून ताठ मानेनं फिरले.

साहेब आले. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि बोटाला लागलेला चुना आम्हाला दाखवला. "जागा बळकावायला अशी भिंत रोज कुठंतरी उभी राहते, बाई. आत थडगी कुठायत? मला तर क्रिकेटचं मैदान दिसतंय."

"भिंतीत हायत, साहेब," पोपट म्हणाला. साहेबांबरोबरची माणसं हसली.

"मग एक जागा उघडून दाखवा. काही सापडलं तर रस्ता सरकवतो."

कोणी हलेना. आपलं माणूस कोण उकरील? मग सगळी वस्ती माझ्याकडे बघायला लागली.

"माजी गोजरा उघडा," मी म्हटलं आणि पुढं झाले. डोळे मिटले. काही दिसलं नाही. उघडले तर चारी बाजूंनी सारखीच सपाट माती. तरी बोट दाखवलं. पोपटनं मांडीएवढा खड्डा केला. नुसता चिखल. दुसरीकडे दाखवलं. चिखल आणि शिंपले. साहेब घड्याळ बघायला लागले. तिसऱ्यांदा मी बोट कुठं दाखवलं, ते मलाही माहीत नाही.

तिथं सापडलं. दोन बारीक हाडं आणि मनगटातले काळे मणी. साहेबांनी टोपी काढली, कागदावर लिहून घेतलं आणि निघून गेले. जागा वाचली.

मुक्ता खड्ड्याच्या काठावर बसली. ते मणी आम्ही दोघींनी एकाच बाजारातून आणले होते, एकाच दिवशी दोन्ही पोरांच्या हातात बांधले होते.

"बाय," तिनं विचारलं, "कोन हाय गं?"

अख्खी वस्ती कान देऊन उभी. गोजराचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. म्हटलं असतं तर कोणाची बिशाद होती मला खोटं पाडायची?

"मला ठाऊक नाय," मी म्हटलं.

पोपट माती लोटायला लागला. मुक्तानं तिथंच ऊर बडवला, "किसना रं, माज्या किसना," आणि बाया तिला धरायला धावल्या. मी उभीच राहिले. मलाही रडायचं होतं, पण कुठल्या मातीकडे तोंड करून?