दुसऱ्या चालीत दिलेलं प्यादं

मी बुद्धिबळाच्या पटावरचं एक जुनं, पांढरं प्यादं आहे, मित्रांनो. पांढरं म्हणायचं ते सवयीनं, कारण आता माझा रंग जुन्या दातासारखा झाला आहे. माझी जागा राजाच्या बाजूच्या उंटापुढची. आम्ही आठ प्यादी दिसायला सारखी, पण प्रत्येकाचं नशीब जागेवर ठरतं. माझ्या जागेवरच्या प्याद्याला एका प्रकारच्या डावात दुसऱ्याच चालीला पुढे ढकलतात आणि समोरच्याला म्हणतात, घे, खा. याला गॅम्बिट म्हणतात. समोरचा प्यादं खाण्यात गुंतला की आपले मोठे मोहरे भराभर बाहेर काढायचे आणि त्याच्या राजावर धावून जायचं, असा त्यातला बेत.

माझं बहुतेक आयुष्य असं दिलं जाण्यात गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पटाबाहेर ठेवलेल्या मोहऱ्याला डाव चांगला दिसतो, आणि खेळणाऱ्यांचे चेहरे त्याहून चांगले दिसतात.

एका सुतारानं मला मोडक्या खुर्चीच्या पायातून कातून काढलं. आम्हाला वजन यावं म्हणून आमच्या तळात शिसं ओतलं. ते शिसं छापखान्यातल्या अक्षरांच्या झिजलेल्या खिळ्यांचं होतं. म्हणजे माझ्या पोटात काही अक्षरं वितळलेली आहेत. कोणती, ते मलाही ठाऊक नाही. हा संच बनवून घेतला होता त्या छापखान्यातल्या मशीनवर काम करणाऱ्या दोन सख्ख्या भावांपैकी थोरल्यानं. जेवणाच्या सुट्टीत लोक नुसते पेंगतात, त्यापेक्षा डोकं चालवतील, असं त्याचं म्हणणं होतं.

छापखान्यातली आमची खोली म्हणजे कागदांच्या रिमांमधली मोकळी जागा. एक पत्र्याचं टेबल, दोन बाकं, भिंतीला हात पुसायचं फडकं. तिथे थोरल्यानं धाकट्याला गॅम्बिट शिकवलं. "एक प्यादं गेलं तर काय आभाळ कोसळतं का? दे आणि सूट पुढे," असं तो सांगायचा. धाकट्याला ते इतकं आवडलं की पुढे तो दुसरं काही खेळेचना. दररोज कोणालातरी प्यादं देऊन टाकतो म्हणून लोक त्याला उधळेमास्तर म्हणू लागले. तेच नाव पडलं ते पडलं.

मग एका वर्षी शाळांच्या पुस्तकांचं मोठं काम अंगावर असताना थोरला नोकरी सोडून नदीपलीकडच्या दुसऱ्या छापखान्यात गेला. तिथे त्याला मुख्य कारागिराची जागा मिळाली होती. भावाला त्यानं सांगितलं नाही. कसं सांगावं ते सुचेना म्हणून आज-उद्या करत राहिला, असं मी नंतर ऐकलं. उधळेमास्तर सहा दिवस एकटे दोन्ही मशीन सांभाळत होते. सातव्या दिवशी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली.

थोरला दवाखान्यात भेटायला आला, तेव्हा उधळेमास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर सात वर्षं दोघांत शब्द नव्हता. छापखान्यात थोरल्याचं नावही कोणी काढत नसे. गंमत अशी, की त्याच तीन बोटांच्या हातानं उधळेमास्तर रोज मला उचलत आणि भावानं शिकवलेलीच चाल करत. आणि जिंकत. मला मिळालेलं कौतुक ते एवढंच. लोक म्हणत, या प्याद्याला हात लावला की आपलं मरण.

त्या सातव्या वर्षी मुद्रितं तपासायला एक बाई आल्या. कागदावरचा एक काना किंवा एक मात्रा त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून त्यांना सगळे मात्राबाई म्हणत. त्यांनी डबा खाता खाता महिनाभर डाव नुसते पाहिले आणि मग एके दिवशी बाकावर येऊन बसल्या. हरल्या. दुसऱ्या दिवशीही हरल्या. पहिले चार महिने त्या मला खात आणि मग मला खाणारं त्यांचं काळं प्यादं टिकवण्यासाठी जीव टाकत. त्याला आधार म्हणून घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे, मग त्याला आधार म्हणून आणखी एक. एवढं होईपर्यंत त्यांचा राजा उघडा पडलेला असे आणि उधळेमास्तरांचा उंट, घोडा, वजीर दारात उभे.

एका दुपारी हरल्यावर त्या उठल्या नाहीत. मोहरे परत मांडून पहिल्या चार चाली त्यांनी पाच-सहा वेळा करून पाहिल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "चूक खाण्यात नाही. धरून ठेवण्यात आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाल्लं. उधळेमास्तरांनी घोडा काढला. आता त्या प्यादं राखायला धावतील म्हणून ते आधीच हसत होते. बाईंनी आपल्या वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे ठेवलं, सरळ पांढऱ्याच्या तोंडात. घेतलेलं परत दिलं. ते खाल्ल्याशिवाय उधळेमास्तरांना गत्यंतर नव्हतं. खाल्लं, तेव्हा दोन्हीकडची प्यादी सारखी झाली आणि काळ्याच्या उंटाला आणि वजिराला वाट मोकळी झाली. धावून जायला समोर कोणी कोंडलेलं उरलंच नाही. तिसाव्या चालीला उधळेमास्तर हरले.

ते उठले. फडक्याला हात पुसून मशीनवर गेले. पुढचे आठ दिवस ते सुट्टीत मशीनजवळच बसून जेवले. मी पेटीत होतो. पेटीत अंधार असतो, एवढंच त्या आठवड्याबद्दल सांगता येईल.

नवव्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. शहरातल्या छापखान्यांचे सामने होते, आणि पहिल्याच फेरीत आमची गाठ नदीपलीकडच्या छापखान्याशी पडली होती. पहिल्या पटावर कोण बसणार ते दोन्हीकडे ठरलेलं होतं. इकडे धाकटा, तिकडे थोरला.

उधळेमास्तर कागद वाचून मात्राबाईंच्या टेबलापाशी गेले. त्यांच्यापुढची मुद्रितं बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बाई, मला आजवर प्यादं कोणी दिलेलं नाही. मीच देत आलो. तो पांढरे घेऊन बसला, तर मला देणार. त्यावर काय करायचं ते मला येत नाही."

"पण तुम्ही पाहिलंत की त्या दिवशी."

"पाहिलं. हातून होत नाही. घेतलेलं सोडवत नाही मला."

बाईंनी चष्मा काढला आणि पेटी उघडली. त्यानंतर आठवडाभर त्या पांढरे घेऊन बसल्या आणि उधळेमास्तर काळे. पहिले तीन दिवस त्यांचा हात वजिरापुढच्या प्याद्याशी जाई आणि मागे येई. चौथ्या दिवशी तो मागे आला नाही.

सामना एका शाळेच्या सभागृहात होता. पहिल्या पटासाठी आमचा संच मांडला होता. नाणं उडवलं, पांढरे थोरल्याकडे गेले. तो माझ्या आठवणीपेक्षा जाड झाला होता, आणि त्यानं संच पाहताच ओळखला असावा, कारण त्यानं घोड्याच्या कानावरून बोट फिरवलं. दुसऱ्या चालीला त्यानं मला उचललं. चाल ठरलेली असूनही त्याला मला खाली ठेवायला वेळ लागला.

उधळेमास्तरांनी मला खाल्लं आणि पटाच्या कडेला, आपल्या डाव्या हाताजवळ ठेवलं. त्यामुळे थोरल्याची नजर माझ्यावर आली की त्या हातावर पडे. हात टेबलाखाली घेता आला असता. उधळेमास्तरांनी घेतला नाही.

थोरल्याचा घोडा बाहेर आला. उधळेमास्तरांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

थोरला खुर्चीत मागे टेकला. पंचानं दोनदा घड्याळाकडे पाहिलं इतका वेळ गेला. "हे मी नव्हतं शिकवलं," तो शेवटी म्हणाला. सात वर्षांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"नाही," उधळेमास्तर म्हणाले. "हे नंतर शिकलो."

पुढे दोन तास खेळ चालला. डाव चुरशीचा झाला आणि अखेर एका प्याद्याच्या फरकानं धाकट्यानं जिंकला. थोरल्यानं आपला राजा आडवा केला. दोघांनी हात मिळवला. उधळेमास्तर डावखुरे, त्यामुळे कोणता हात पुढे करायचा यावर क्षणभर घोटाळा झाला. मग मात्राबाई आणि इतर जण उधळेमास्तरांभोवती जमले, त्यांना ओढून बाहेर घेऊन गेले. टेबलाजवळ थोरला एकटा राहिला. त्यानं मोहरे पेटीत भरले. एकतीस भरले. मला त्यानं मुठीत धरलं, आजूबाजूला पाहिलं, आणि शर्टाच्या खिशात टाकलं. चुकून नव्हे, मित्रांनो. मी तिथे होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत माझ्या जागी बाटलीचं बूच उभं होतं म्हणे. संध्याकाळी मशीन थांबल्यावर थोरला दारात आला. आत न येता त्यानं हात पुढे केला. तळहातावर मी होतो.

"तुमचं प्यादं माझ्याकडे आलं होतं चुकून."

उधळेमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांनी मला घेतलं नाही. फडक्याला हात पुसले, बाकावरचे कागद बाजूला केले.

"आत ये दादा," ते म्हणाले. "बस."

थोरला बसला. त्यानं त्या दिवशी न सांगता जाण्याबद्दल जे सांगितलं ते मी इथे सांगणार नाही. ते त्या दोघांचं आहे. माफी मागितली, एवढं खरं. ती लगेच मिळाली नाही, हेही खरं. पण त्यानंतर दर शनिवारी तो येत राहिला.

पुढे छापखान्यात नवी यंत्रं आली, खिळे गेले, उधळेमास्तर निवृत्त झाले. पेटी मात्राबाईंकडे आली. त्या होत्या तोवर आम्ही बाहेर निघत होतो. आता कपाटाच्या खालच्या खणात आहोत. पेटीचं झाकण नीट बसत नाही, एका हत्तीचा बुरूज उडाला आहे, आणि बरीच वर्षं आम्हाला कोणी हात लावलेला नाही.

तुमच्या घरी असा एखादा संच असेल, तर खेळ झाल्यावर मोहरे मोजून पेटीत ठेवत जा. बत्तीस भरले पाहिजेत. आणि कधी एक कमी भरला, तर लगेच त्या जागी बूच ठेवून पेटी बंद करू नका. एक दिवस दार उघडं ठेवा.